लंगडण्याची तालीम

"डावा, जनार्दनराव, डावा!" सुरवसे वकील खुर्चीतल्या खुर्चीत कळवळले. "मोडला होता कुठला पाय? मग उजवा काय म्हणून ओढताय?"

आमचे हे खोलीच्या मध्यावर थांबले. दोन्ही पायांकडे आळीपाळीनं पाहिलं. "हो की," म्हणाले, आणि डावा पाय ओढत असे काही निघाले की मला हातातला चहाचा ट्रे खाली ठेवावा लागला. एक हात भिंतीला, एक कमरेला, चेहऱ्यावर चारी धाम पायी करून आल्याची कळा.

"हे जरा जास्त झालं," वकील म्हणाले. "पाय अधू झालाय. साप चावलेला नाही."

"वकीलसाहेब, मागच्या रांगेपर्यंत पोचायला नको का?"

"कोर्टाला मागची रांग नसते हो! न्यायाधीश समोरच बसलेले असतात. थोडं लंगडा. गरिबासारखं लंगडा."

मी पदर तोंडाला लावून आत पळाले. पिकोच्या मशीनवर डोकं टेकून हसले. त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण 'गरिबासारखं लंगडा' म्हटलं की मला अजून हसू येतं. बार्शीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, वकिलांना सवड मिळेल त्या रविवारी, ही तालीम चालायची.

झालं होतं असं. आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला जनार्दनराव दुकानातून घरी येत होते. बाजार समितीच्या वळणावर ज्वारीची पोती भरलेला एक टेंपो हात न दाखवता, दिवा न लावता वळला आणि यांची गाडी थेट त्याच्या कुशीत शिरली. डाव्या पायाची नळी मोडली. डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडाला लागलं. पायात सळई घातली, कपाळाच्या वरच्या बाजूला टाके घातले. डोक्याचा फोटो काढला तो स्वच्छ आला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पाय हा एकच विषय झाला. पायाला सूज किती, पायाला ऊन किती, पाय उशीवर की खाली. डोक्याबद्दल कुणी विचारलंच तर हे म्हणत, "डोकं होतं कुठं मोडायला?" आणि माणसं हसत.

टेंपोचा विमा होता. त्यामुळे भरपाईचा दावा लावायचा ठरलं आणि सुरवसे वकील आमच्या आयुष्यात आले. माणूस भला. तोंडात कायम लवंग. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, यांना जरा सावकाश बरं होऊ द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा, पाय सरळ झाला की दावा लंगडा होतो. कायमचं अपंगत्व किती, त्यावर सगळं मोजमाप. हे उद्या ठणठणीत पळायला लागले तर कोर्ट म्हणेल, दवाखान्याचं बिल घ्या आणि घरी जा. मी खोटं बोला म्हणत नाही. खरं आहे तेच जरा ठळक करा."

ठळक करायला त्यांनी निवडलेला माणूस मात्र चुकला, किंवा फारच बरोबर निवडला म्हणा. कारण आमचे हे हौशी नट. गावातल्या नाट्यमंडळात लग्नाआधीपासून. पोटापाण्याला चंदूशेठच्या साडीच्या दुकानात काउंटरवर, आणि जीव लावायला नाटक. दोन्हीकडे एकाच गोष्टीसाठी नाव होतं: आठवण. बाई दुकानाच्या पायरीवर असतानाच हे सुरू करत, "या काकू. मागच्या संक्रांतीला नेलेली मोरपंखी कशी निघाली? सुनेला अंजिरी दिली होती ना, त्याच पोतात आता डाळिंबी आलीय." ती बाई डाळिंबी घेऊनच जाई, आणि दुसऱ्या दिवशी ती साडी फॉल लावायला माझ्याकडे येई. मंडळात तर प्रॉम्प्टरला यांच्या प्रवेशात चहा प्यायला जायला मुभा होती. स्वतःची वाक्यं पाठ, समोरचा अडला तर त्याचीही पाठ.

अशा माणसाला लंगडायचं काम मिळालं. मग काय विचारता.

एकीकडे वकील पाय वाईट ठेवायला बसलेले, तर दुसरीकडे पाय नीट करायला रेणुका फुलारी बसलेल्या. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर. वयानं लहान, आवाज हवालदाराचा.

"मांडी घाला, विभूते."

"दुखतं, मॅडम."

"दुखूनच बरं होतं. घाला म्हणते ना. आणि तुमच्या वकिलांना माझा निरोप सांगा. म्हणावं, पाय माझ्या ताब्यात आहे. व्यायाम चुकवणाऱ्याचंच कोर्टात वाटोळं होतं. विमा कंपनी पहिलं विचारते, इलाज घेतलात का नीट?"

हे निमूटपणे मांडी घालायचे. पण एक होतं. मॅडमनी ठरवून दिलेले व्यायाम घरी करायची वेळ आली की यांना काही केल्या क्रम लागत नसे. दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. एकदा त्या वैतागल्या, "घरी गेलं की विसरता कसं हो सगळं?"

"मॅडम," हे हात जोडून म्हणाले, "तुमच्याकडं बघितलं की माणूस घरचा पत्तासुद्धा विसरतो."

मॅडम हसल्या. मी घरी आल्यावर यांना दोन दिवस पिठलं-भाकरीवर ठेवलं.

वकिलांनी कोर्टातली प्रश्नोत्तरं तयार करून दिली होती. ती घरी घोकून घ्यायचं काम माझ्याकडे. मी मशीनवर पिको करता करता विरुद्ध बाजूचा वकील व्हायची.

"विभूते, तुम्हाला आता कोणती कामं जमत नाहीत?"

"जिना चढवत नाही, फार वेळ उभं राहवत नाही, खाली बसून कपड्याचे गठ्ठे उचलता येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला की उत्तर वेगळं. कधी गठ्ठे गायब, कधी जिन्याच्या जागी सायकल. एकदा तर म्हणाले, "पोहता येत नाही." मी म्हटलं, "अहो, ते तुम्हाला आधीही येत नव्हतं!" तर म्हणाले, "वासंती, नटानं पदरची वाक्यं घालायचीच नाहीत का?" मला वाटलं, नाटक नाही म्हणून हौस इथं भागवून घेतायत.

त्याच दिवसांत मंडळाचे नलावडे सर घरी आले. हायस्कुलात मराठी शिकवत आणि मंडळाची नाटकं बसवत. नवं नाटक हातात होतं, आणि त्यातला म्हातारा यांच्यासाठीच लिहिल्यासारखा होता म्हणे.

"जनार्दन, म्हातारा लंगडाच आहे. तुला काही वेगळं करायलाच नको."

मी चहा ठेवायला उठले, कारण यांचं 'हो' मला ऐकायचीसुद्धा गरज नव्हती. लग्नात यांनी मंगलाष्टकं चालू असताना एका भूमिकेला मान डोलावली होती.

"नको सर," हे म्हणाले.

मी दारातच थांबले.

"दावा चालू आहे. स्टेजवर उभा दिसलो तर विमेवाले फोटो काढून कोर्टात लावतील. पाय नीट होईपर्यंत नकोच."

नलावडे सर चहा न घेताच गेले. मला मात्र मनातून बरं वाटलं. म्हटलं, चला, अपघातानं का होईना, शहाणपण आलं.

साक्षीची तारीख पडली. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला, तर सुरवसे वकिलांनी तो बदलायला लावला. "वरात निघालीय का? जुना घाला." कोर्टात पोचलो. विमा कंपनीतर्फे काझी वकील उभे होते. सोलापूरहून यायचे. सडपातळ बांधा, हळू आवाज, आणि बोलण्यात अशी अदब की आपल्याला दम देतायत हे आपल्याला घरी गेल्यावर कळावं.

पुकारा झाला आणि जनार्दनराव निघाले. काय सांगू! डावा पाय, बेताचा ओढलेला, मधेच दाबलेला एक हुंकार. सुरवसे वकिलांनी समाधानानं लवंग गालात सरकवली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बसून उत्तरं दिलीत तरी चालेल, विभूते," काझी म्हणाले.

"नको साहेब. उभा राहतो, सवय आहे."

सुरवसे वकिलांच्या कपाळाला आठी पडली.

अपघात कसा झाला, हे यांनी झकास सांगितलं. टेंपोचा रंग, पोती, वळण, सगळं. मग काझी वकिलांनी कागद खाली ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "आता तुम्हाला कोणती कामं जमत नाहीत?"

"जिना," हे म्हणाले. "जिना चढताना…"

आणि थांबले.

"हं, जिना. पुढे?"

"साहेब, प्रश्न परत सांगता?"

काझींनी प्रश्न परत सांगितला.

"जिना," हे म्हणाले आणि पुन्हा तिथंच अडकले.

"सुरवसे साहेबांनी करून घेतलेलं पाठांतर कच्चं राहिलं वाटतं," काझी हसून म्हणाले. कोर्टात खसखस पिकली. पट्टेवाला हसला. मीसुद्धा हसले. म्हटलं, आता घालतील पदरची वाक्यं.

पण यांनी मान वळवली. वकिलांकडे नाही, माझ्याकडे नाही. उजव्या बाजूच्या बंद दाराकडे. तिथं कुणी नव्हतं. फक्त एक मोडकी खुर्ची होती. आणि ती नजर मी ओळखली. नाटकात वाक्य विसरलेला माणूस विंगेत प्रॉम्प्टर शोधतो, ती नजर. मंडळातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत ती मी कधी ना कधी पाहिली होती. यांच्या डोळ्यांत कधीच नाही.



"साहेब," यांनी अगदी हळू विचारलं, "प्रश्न काय होता?"

या वेळी कुणी हसलं नाही. मी कधी उठून उभी राहिले मला कळलं नाही. "त्यांना आठवत नाहीये, साहेब," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी त्यांची मिसेस."

"बसा खाली. तुमची साक्ष चालू नाही."

"वासंती, बस," हे पिंजऱ्यातून म्हणाले. आवाज असा होता की मी बसलेच.

सुरवसे वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली. हे पिंजऱ्यातून उतरले आणि दाराकडे निघाले, उजव्या पायानं लंगडत. काझींनी पाहिलं, टंकलेखकानं पाहिलं. सुरवसे वकिलांनी डोळे मिटून घेतले.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बाकडं होतं. वकील दुसऱ्या कामात गेले होते. आम्ही दोघंच बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"अहो, मला नका विचारू काय."

हे समोर अर्ज टाइप करणाऱ्या माणसाच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दवाखान्यातनं आल्यापासून. जुनं सगळं आहे गं. लग्नात तुझी मावशी जिलबीवरनं भांडली ते शब्द न् शब्द आहे. नवं राहत नाही. सकाळचं दुपारी नसतं. तू दूध आणायला धाडतेस आणि चौकात मला वाटतं, मी इथं कशाला आलोय?"

"मग रिकामी पिशवी घेऊन परत येता ते?"

"दुकान बंद होतं म्हणून सांगतो. तू विश्वास ठेवतेस."

"आणि कुठला पाय ते?"

"ते पण राहत नाही. तुम्ही हसता, मीही हसतो. बरं पडतं."

टाइपरायटरचा खडखडाट चालू होता. मग तेच पुढं बोलले.

"लंगडा माणूस काउंटरवर चालतो, वासंती. त्याला बसायला स्टूल देतात. गिऱ्हाईक कौतुक करतं. पण बाईनं 'मघाची ती दाखवा' म्हटल्यावर मघाची कुठली हेच ज्याला आठवत नाही, त्याला कोण ठेवील? आणि नलावडे सरांना काय सांगू? पाय बरा झाला असता तर दोन्हीकडे जावं लागलं असतं. सुरवसे म्हणाले, सावकाश बरे व्हा. मला तेवढंच पाहिजे होतं. सगळे पायाकडं बघत होते, मी त्या पायामागं लपून बसलो होतो."

आणि मी वर्षभर समजत होते, हा माणूस पैशासाठी लंगडण्याचं नाटक करतोय.

थोड्याच दिवसांत सुरवसे वकील घरी आले. विमा कंपनी तडजोडीला तयार होती. लोकअदालतीत बसायचं, पायाचं काय ते ठरवायचं, सही करायची, मोकळं व्हायचं. त्या दिवशीच्या साक्षीनंतर एवढंही मिळतंय तर नाही म्हणू नका, असं वकिलांचं मत.

"घेऊन टाकू," हे लगेच म्हणाले.

मला म्हणायचं होतं खूप काही. रेणुका मॅडमना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं. पण हे डॉक्टरांकडे यायला तयार नव्हते. एकदा कागदावर आलं की गावभर होणार, ही त्यांची भीती. मी रागवून पाहिलं होतं, रडून पाहिलं होतं. आता राहिला होता आमचा नेहमीचा मार्ग.

"घ्या की," मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं. "पण मग जन्मभर लंगडावं लागेल. नाहीतर शेठ म्हणतील, पाय बरा झाला, या काउंटरवर."

"लंगडेन."

"लंगडा हो. पण तेही आठवणीनं लंगडावं लागेल. त्याच पायानं."

 सुरवसे वकील काही न कळून माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होते. मग जनार्दनराव हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. रुमालानं तोंड पुसून ते म्हणाले, "वकीलसाहेब, पायाचं राहू द्या. माझं डोकं गेलंय."

त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता सुरवसे वकील उठून उभे राहिले. "डोकं? वहिनी, डोकं! अहो, केवढा मुद्दा हा! आणि मी वर्षभर पायावर नाचतोय!" मग त्यांची नजर यांच्या चेहऱ्यावर गेली आणि ते खाली बसले. "माफ करा, जनार्दनराव. धंद्याची खोड."

सोलापूरच्या डॉक्टरांनी यांना काही शब्द सांगितले: दिवा, बैल, कात्री, आंबा, विहीर. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, "सांगा बरं मघाचे शब्द."

"दिवा," हे म्हणाले. फार वेळ विचार केला. "बैल." आणि मग अगदी ठामपणे, "पैठणी."

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, फोटो स्वच्छ आला म्हणजे मार लागलाच नाही असं नसतं. हे सुधारेल, सराव केला तर बरंच सुधारेल, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही. वकिलांनी दाखला मागितला तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हटलं. "आज दिला तर तो आजचा असेल. जेवढं सुधारायचं तेवढं सुधारू द्या. मग जे उरेल, ते खरं नुकसान. त्याचा दाखला मी देईन."

बाहेर आल्यावर वकील घुटमळले. "म्हणजे डोकं तरी जरा सावकाश…"

"नाही वकीलसाहेब," हे म्हणाले. "या वेळी मी बरा व्हायला बघणार. दावा बारीक झाला तरी चालेल."

वकिलांनी दाव्यात दुरुस्तीचा अर्ज टाकला. हे आपल्या पायांनी चालत चंदूशेठकडे गेले आणि सांगून आले. शेठनी कामावर घेतलं, पण काउंटरवर नाही. मागं गोदामात, कमी पगारावर. माणूस वाईट नव्हता, पण दुकान चालवायचं होतं. पहिल्या दिवशी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी रोज सकाळी यांना नाटकातली वाक्यं वाचून दाखवायची आणि भाजी निवडून झाली की परत विचारायची. आधी दोन ओळी राहायच्या, मग प्रवेशाचा तुकडा राहायला लागला. कधी काहीच राहत नसे. मग जेवताना ताट सरकवून उठायचे, आणि मी आमटीत मीठ जास्त पडल्यासारखं दाखवून विषय बदलायची. रेणुका मॅडमनी पाय पुरता नीट करून दिला. मांडी घालून पंगतीला बसायला लागले.

पुढं डॉक्टरांनी दाखला दिला आणि यांना पुन्हा साक्षीला बोलावलं. मी पांढरा शर्ट काढला, आणि या वेळी वकील काही बोलले नाहीत.

पुकारा झाला. जनार्दनराव सरळ चालत गेले.

काझी वकिलांनी त्यांना पिंजऱ्यापर्यंत येताना नीट पाहून घेतलं. "पाय छान झालाय, विभूते."

"हो साहेब. बरा झालाय."

"मागच्या तारखेला तुम्ही लंगडत होतात."

"होतो."

"ते खरं होतं?"

सुरवसे वकील उठायला लागले होते, पण त्याच्या आतच उत्तर गेलं. "थोडं खरं होतं साहेब. बाकी नाटक होतं."

 न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. काझी वकील एक पाऊल पुढं आले, आणि नेहमीच्या अदबीनंच त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला गेले कित्येक दिवस भीती होती.

"पायाचं नाटक तुम्ही या कोर्टासमोर केलंत. मग हे विसरणंही नाटक नाही कशावरून?"

हे गप्प झाले. मला वाटलं, झालं, प्रश्न निसटला. मी ओठांनी प्रश्न जुळवून दाखवायला लागले, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, मी नट आहे," ते म्हणाले. "हौशी, पण नट. लंगडा केला, आंधळा केला, दारुडा केला, मेलेलासुद्धा केला. नटाला कसलंही सोंग सांगा, तो आनंदानं करील. पण चार माणसांसमोर वाक्य विसरल्याचं सोंग सांगा. जीव गेला तरी करणार नाही."

 काझी वकील हातातले कागद जुळवून म्हणाले, "माझं झालं, साहेब."

निकाल लागला तो सुरवसे वकिलांच्या अंदाजापेक्षा कमी आणि विमा कंपनीच्या अंदाजापेक्षा जास्त. पायाचं फक्त इलाजापुरतं आणि घरी बसलेल्या महिन्यांपुरतं धरलं, वर लंगडण्याबद्दल चार कडक वाक्यंही ऐकवली. डोक्याचं मात्र पुढच्या आयुष्यासाठी धरलं. गोदामात आणि काउंटरवर जो फरक होता, तो कोर्टानं मानला. वकिलांनी पेढे आणले. रेणुका मॅडमना त्यातले चार नेऊन दिले तर त्या म्हणाल्या, "गोड कमी खा, वजन पायावर येतं."

पण निकालाच्या दिवशीचंच सांगते. आम्ही तिघं कोर्टासमोरच्या गाड्यावर चहा घेत होतो. काझी वकील मुद्दाम रस्ता ओलांडून आले. सुरवस्यांशी हात मिळवला, मला नमस्कार केला आणि यांच्यासमोर उभे राहिले.

"विभूते, खरं सांगतो. त्या दिवशी माझ्याकडे अजून पुष्कळ प्रश्न होते. तुमचं ते वाक्य ऐकलं आणि मी ते सगळे खिशात घातले. घरी जाऊन बायकोला सांगितलं, ऑफिसात ज्युनियरांना सांगितलं. पण माझ्या तोंडी ते बसत नाही. एकदा पुन्हा म्हणून दाखवा ना, कसं होतं ते?"

जनार्दनरावांनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला आणि निरागसपणे वर पाहिलं.

"कुठलं वाक्य?"

काझी वकिलांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे बघायला लागले. सुरवसे वकीलही माझ्याकडे बघायला लागले. मी यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

ते खरोखर विसरले होते, की भर रस्त्यात त्यांनी दोन वकिलांना एक प्रयोग फुकट दाखवला, ते मला त्या दिवशी कळलं नाही. इतक्या वर्षांत कितीदा तरी विचारून झालं. कधी लाडानं, कधी दरडावून. दर वेळी तितक्याच निरागसपणे वर बघतात, "कुठलं वाक्य?" म्हणतात, आणि खुशाल चहा पीत बसतात.